उभं राहायची पाळी

"सगळ्यांनी मिळून खाली बसायचं नाय, पोरी. एकीनं तरी उभं पायजे."

कोंडाबाईंनी मला हे पहिल्याच शनिवारी सांगितलं होतं. मी गुडघे टेकून, कॅमेरा जवळजवळ गवताला लावून, गोल्फच्या मैदानातल्या झेंड्याचा फोटो घेत होते. मान वर न करताच म्हणाले, "अहो मावशी, दिवसाढवळ्या? आणि इथं?" आणि हसले.

असल्या गोष्टींवर हसणारी बाई मी नाही, हे आधी सांगते. आमचं घर घोडेगावच्या बाहेर, उसाला लागून आहे. माझी लेक चिमी चार वर्षांची. तिला मी अंगणात एकटीला खाली बसू देत नाही. भांडी घासायचा कट्टा कमरेएवढा बांधून घेतलाय, वाकायला नको म्हणून. सासूबाई मला भित्री भागूबाई म्हणतात, पण त्याच कट्ट्यावर भांडी घासतात. आमच्या जुन्नर-आंबेगावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बिबट्या उभ्या माणसाला बुजतो. वाकलेलं, बसलेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं. अंगणवाडीतल्या पोरालाही हे ठाऊक असतं.

मग तिथं मी का हसले? नंतर मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलं. ती जागा आपल्याकडची वाटतच नव्हती, एवढंच उत्तर मिळतं. कालव्याच्या वरच्या अंगाचा माळ कुणीतरी सपाट करून त्यावर हिरवं गवत अंथरलेलं. नऊ झेंडे, नऊ भोकं, मधेमधे पांढऱ्या वाळूचे खड्डे, आणि पांढऱ्या बुटांची, हळू बोलणारी पुण्याची माणसं. तीन बाजूंना तारेचं कुंपण होतं. चौथ्या बाजूला, कालव्याकडे, ऊस होता. तो दिसायचा, नाही असं नाही. पण नजर हिरव्यावरच थांबायची. इथं बिबट्या येईल असं मनात येणं म्हणजे दवाखान्यात विंचू निघेल असं वाटण्यासारखं होतं.

मी तिथं गेले ती आदेशमुळे. आदेश माझा नवरा, घोडेगावात त्याचा फोटो स्टुडिओ आहे. फेब्रुवारीत मैदानावर मोठी स्पर्धा होती आणि मॅनेजरला जवळपासचा फोटोग्राफर हवा होता. "आधी नमुना दाखवा," ते म्हणाले. "मागच्या डोंगरांची दृश्यं आणि खेळणाऱ्यांची हालचाल, दोन्ही जमलं पाहिजे." आदेशच्या लग्नांच्या तारखा लागलेल्या. तो म्हणाला, "तू कर. तुला जमतंय." मी जुन्नरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले, पण चिमी झाल्यापासून 'तुला जमतंय' असं मला कुणी म्हटलं नव्हतं. दर शनिवारी दुपारी चिमीला स्कूटीवर पुढं उभी करून मी सरावाला जायला लागले.

हालचाल टिपायची म्हणजे मला तोवर फक्त अक्षता माहीत होत्या. 'सावधान' म्हणताच हात वर जातात, तांदूळ हवेत असतानाच बोट दाबायचं. पण अक्षता मूठभर असतात, थोड्या तरी सापडतातच. इथं चेंडू एकच. माणूस काठी मागं नेतो, कंबर वळते, टक् असा आवाज येतो, आणि माझ्या फोटोत खांद्यावर काठी घेतलेला माणूस आणि रिकामं आभाळ. पहिल्या दोन शनिवारी मी चेंडू नसलेले सहाशे फोटो काढले.

कोंडाबाई, प्रयागबाई आणि लंकाबाई त्या गवतातली हराळी उपटायच्या. तिघी वरच्या, घाटघरच्या. भात झोडून झालं की खाली कामाला यायच्या आणि मैदानाच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायच्या. कोंडाबाई आणि प्रयागबाई जावा-जावा. दोघींचेही नवरे गेलेले, वर घाटघरला दोघी एकाच घरात नांदायच्या. लंकाबाई त्यांच्याहून तरुण, शेजारची.

त्यांच्या कामाची एक रीत होती. दोरी लावून पट्टा आखायचा. दोघी खाली बसून हराळी उपटायच्या आणि तिसरी त्यांच्या पाठीमागं, उसाकडे तोंड करून, ताठ उभी राहायची. पट्टा संपला की पाळी बदलायची. सुरुवातीला उभी असलेली बाई डबा वाजवायची आणि बसलेल्या दोघी, बिबट्या मानेलाच धरतो म्हणून, गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालायच्या. "पाहुणे घाबरतात," म्हणून मॅनेजरनं डबा आणि पट्टे दोन्ही शेडमध्ये ठेवायला लावले. मग उभं राहणं तेवढं उरलं.

"आमच्या वर डोंगरातलं वाघरू माणसाला भेतं," कोंडाबाई मला सांगायच्या. "हे हितलं उसात जल्मलेलं. ह्याला डोंगर ठावा न्हाई अन् माणसाचं भ्याव न्हाई."

पण त्या घाबरट नव्हत्या. खेळणाऱ्यांकडं बघून त्यांची करमणूक चालायची.

"का गं पोरी, त्या बिळात आंडं घालायला ही पुण्यावरनं मोटारीनं येत्यात व्हय?"

"हो मावशी, खेळ आहे तो."

"मंग हातानं नेऊन का घालत न्हाईत? झटक्यात व्हईल की."

"आक्का, मंग त्यांनी दिवसभर करायचं काय?" प्रयागबाई उभ्या उभ्याच म्हणायच्या, आणि तिघी तोंडाला पदर लावून हसायच्या. मैदानाचा मुकादम गोकुळ लांबून ओरडायचा, "ओ घाटघर! हसायचा पगार नाय मिळत हितं!"

"मंग तू कशाचा घेतो रं?" लंकाबाईचं उत्तर तयार असायचं.

चिमीला त्यांचा लळा लागला. कोंडाबाईंनी तिला फळांच्या एका पालथ्या क्रेटवर उभं केलं. "ही आमची चौथी. हिची बी पाळी." चिमी हात कमरेवर ठेवून उसाकडे डोळे वटारून बघायची. दर शनिवारी कोंडाबाई तिच्यासाठी नाचणीच्या भाकरीचा चतकोर फडक्यात राखून ठेवायच्या. घरी जे पोर दोन घास खायला मला अंगणभर फिरवतं, ते तिथं कोरडी भाकरी चावत उभं असायचं.

अडचण एकच होती. डोंगरांचं दृश्य घ्यायची खरी चांगली जागा पाचव्या झेंड्याजवळ होती. संध्याकाळी भीमाशंकरच्या बाजूच्या रांगा एकामागे एक निळ्या होत जायच्या, पुढं गवतावर लांब सावल्या पडायच्या, आणि या सगळ्याच्या बरोबर मधोमध प्रयागबाई. उंच, पोपटी लुगड्यात, खांबासारख्या सरळ. काहीही केलं तरी त्या चौकटीत यायच्याच. घरी कॉम्प्युटरवर आदेश वैतागला.

"ही कोण बाई? दर फोटोत हिलाच पुसत बसायचं का? तिला जरा बाजूला व्हायला सांगत जा की."

आम्ही तिला पुसलं. तिच्या जागी शेजारचं गवत भरलं. अगदी बेमालूम. आदेश म्हणाला, "बघ, आता कसं वाटतंय." मलाही बरं वाटलं.

तो शनिवार जानेवारीतला, संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झालेले. कालव्यापलीकडच्या उसाला तोड लागली होती. ऊस तुटायला लागला की आतलं जनावर बाहेर पडतं, हेही मला माहीत होतं. मी चिमीच्या मनगटाला माझ्या ओढणीचं टोक बांधलं आणि तिला पायाशी उभी केली. स्वतःच्या लेकराची काळजी मी पूर्ण घेतली होती.

साडेपाच वाजत आले असतील. उजेड असा पडला होता की तसा मला त्या सगळ्या दिवसांत मिळाला नव्हता. पाचव्या झेंड्याजवळ एक उंच गृहस्थ चेंडू मारायच्या तयारीत होते. "थांबू का?" त्यांनी स्वतःहून विचारलं. मागं डोंगर, पुढं ते, आणि मधे प्रयागबाई.

मी हाक मारली. "प्रयागबाई, दोन मिनिटं खाली बसा ना. दोनच मिनिटं."

"माझी पाळी हाय, बाय," त्या तिथूनच म्हणाल्या.

"एक फोटो झाला की लगेच सांगते."

त्या हलल्या नाहीत. त्यांनी कोंडाबाईंकडं बघितलं. आणि मला पहिल्या दिवशी बजावणाऱ्या कोंडाबाई, खुरपं हातात, मान वळवून हसल्या. "बस गं. पोरीचा फोटू व्हऊ दे. कवाची धडपडतीय."

प्रयागबाई बसल्या. चौकट मोकळी झाली.

गृहस्थांनी काठी मागं नेली. मी बोट दाबून धरलं. टक्. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं, चेंडू नव्हता. "सर, अजून एक?" त्यांनी दुसरा चेंडू ठेवला. परत नाही. "अजून एकच, प्लीज." चिमीनं ओढणी ओढली.

"आई, पाळी कुणाची आहे?"

"गप. हलू नकोस."

तिसऱ्या वेळी चेंडू सापडला. काठीपासून वीतभर सुटलेला, स्वच्छ, गोल, मागं निळ्या रांगा. आयुष्यात पहिल्यांदा मी एक हलणारी वस्तू जागच्या जागी थांबवली होती. मी तो फोटो मोठा करून बघत होते, तेव्हा लंकाबाईची किंकाळी ऐकू आली.

पाहिलं तेव्हा तिघींच्या जागी दोघी उभ्या होत्या. दोरी ताणून उखडलेली. कालव्याच्या कडेचा ऊस हलत होता, वारा नसताना.

पुढचं मी लिहीत नाही. गोकुळ आणि चार-पाच गडी काठ्या घेऊन, पत्रे बडवत उसात शिरले, तेव्हा अजून उजेड होता. कोंडाबाईंना बाहेर आणलं तेव्हाही होता. मी ओढणी सोडून चिमीचे डोळे त्याच ओढणीनं झाकले. फडक्यातली भाकरी शेडमधेच राहिली.

वन खात्याची माणसं आली, पोलीस आले, गावातून माणसं जमली. क्लबच्या व्हरांड्यात पाहुण्यांना आत बसवलं आणि बायकांना पायऱ्यांवर. पांढऱ्या कपड्यांवर कोट घातलेले मॅनेजर वन खात्याच्या साहेबांना सांगत होते, "सर, आमचा नियमच आहे. कामाच्या वेळी एक जण उभा पाहिजे. तसं आम्ही बजावून ठेवलंय." नियम क्लबचा नव्हता, या बायकांनी आपल्या आपण घालून घेतलेला होता. पण ते कुणी बोललं नाही.

गोकुळनं विचारलं, "पाळी कुणाची व्हती?"

"माझी," प्रयागबाई म्हणाल्या.

"मंग तू उभी नव्हतीस?"

"बसले व्हते."

"का? का बसलीस गं?" गोकुळचा आवाज चिरका झाला. "येवढ्या दिवसांत कवा बसली न्हाईस, आन् आजच का?"

मी तिथंच होते, पाच पावलांवर. चिमी कडेवर, तिचं तोंड माझ्या मानेत. प्रयागबाईंनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग चिमीकडं. मला वाटलं, आता त्या माझं नाव घेणार. मी मनात एकच म्हणत होते: नको, नको, माझं लेकरू लहान आहे.

प्रयागबाई म्हणाल्या, "पाय दुखत व्हते."

साहेबांनी लिहून घेतलं.

मी काहीच बोलले नाही. लंकाबाईनं सगळं ऐकलं होतं, ती माझ्याकडं टक लावून बघत होती. पण प्रयागबाई स्वतःच खोटं बोलताहेत म्हटल्यावर तिनंही तोंड उघडलं नाही. मी चिमीला स्कूटीवर घेतलं आणि घरी आले.

आदेशला मी त्याच रात्री सांगितलं. तो म्हणाला, "आता सांगून गेलेली बाई परत येणारे का?" आणि थोड्या वेळानं, "मीच म्हटलं होतं ना तुला, तिला बाजूला करत जा म्हणून." त्यानंतर आम्ही या विषयावर बोललो नाही. स्पर्धा झाली नाही. तो चेंडूचा फोटो कार्डावर तसाच आहे. त्यात कोंडाबाई नाहीत, प्रयागबाई नाहीत, बिबट्याही नाही. चेंडू आहे, डोंगर आहेत, आणि एक सुंदर मोकळी जागा.

तेराव्याला मी घाटघरला गेले. चिमीला सासूबाईंकडं ठेवलं. जुन्नरवरून एसटीत बसले आणि घाटघर येईपर्यंत काय बोलायचं ते पाठ करत राहिले. कोंडाबाईंचा मुलगा सूरज दारात होता, डोकं केलेलं, पंचविशीचा. त्याला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. दोन मिनिटं म्हणाले होते, तीन वेळा फोटो काढला, उठायला सांगायचं विसरले. एकही शब्द गाळला नाही. मला वाटलं होतं तो मारेल, निदान शिव्या देईल.

तो थंडपणे म्हणाला, "काकीनं पाठवलं का तुमाला?"

"नाही हो. मी खरं सांगतेय."

"तुमी शिकल्याली माणसं. कुणी रडून सांगितलं की तुमाला दया येती. ती काय म्हणाली ते साहेबाच्या कागदावर हाय. पाय दुखत व्हते म्हणाली. माझ्या आईचा जीव गेला न् हिचं पाय दुखत व्हते."

"लंकाबाईला विचारा—"

"तिला इचारलं. ती म्हणती, मी खाली मान घालून व्हते." तो दाराकडं वळला. "जेवून जा. आन् परत हिकडं येऊ नका."

माझ्याकडं पुरावा नव्हता. आधीच्या शनिवारच्या प्रत्येक फोटोत प्रयागबाई उभ्या होत्या. त्या किती दिवस, किती इमानानं उभ्या राहिल्या ते त्या फोटोंत दिसलं असतं. पण मूळचे फोटो कार्ड भरलं म्हणून मीच काढून टाकलेले. उरले ते पुसलेले. त्यांच्या जागी गवत होतं.

त्या दिवशी प्रयागबाई पंगतीत नव्हत्या. घर तेच, पण आता मधे कुडाची भिंत घातलेली. एका बाजूला सूरज आणि त्याची बायको, दुसऱ्या बाजूला एक खण, वेगळी चूल, वेगळं दार. प्रयागबाई त्या दारात उभ्या होत्या.

"प्रयागबाई, मी त्याला सांगितलं."

"कशापायी सांगितलंस?" त्या हळूच म्हणाल्या. "लेकुरवाळी हाईस. माझं काय ऱ्हायलंय आता."

"तुम्ही खोटं का बोललात?"

"आक्का म्हणली, बस. म्हणून बसले. आता तिचं नाव घिऊ का?" मग म्हणाल्या, "अन् तुझं घेतलं आस्तं तर त्या पोरीनं जल्मभर काय आयकलं आस्तं?"

मी रडायला लागले. पायरीवर बसले. "तुम्ही पण बसा ना जरा," माझ्या तोंडून निघून गेलं, आणि माझे मलाच ते शब्द ऐकू आले.

त्या बसल्या नाहीत. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पायांकडं गेलं. घोटे सुजून पायाच्या बोटांपर्यंत कातडी ताणलेली, चमकणारी.

घाटातून परत येताना एसटीत लंकाबाई भेटली, जुन्नरला निघालेली. खिडकीबाहेर बघतच बोलली. "दिसभर उभी आस्ती. भाकरी उभ्यानं खाती. निजायला तेवढी आडवी व्हती. बस म्हणलं की म्हणती, माझी पाळी हाय."

"आणि तू सूरजला खरं का सांगितलं नाहीस?"

"मला त्याच गावात ऱ्हायाचंय, ताई," ती म्हणाली. तेच कारण माझंही होतं.

वैशाखात मी पुन्हा गेले. औषध, पायाला बांधायचे पट्टे, चिमीनं काढलेलं एक चित्र. त्यात क्रेटवर उभी असलेली ती स्वतः. प्रयागबाईंनी चित्र घेतलं, बाकीचं परत दिलं. "तू येऊ नगंस पोरी. तू आलीस की लोक पुन्यांदा इचारत्यात, मंग सूरज तापतो." त्या भागात पावसाच्या तोंडावर भातखाचरांचे बांध घालायला सगळे एकमेकांकडं जातात, पडकई म्हणतात त्याला. आज तुमच्याकडं, उद्या आमच्याकडं. या वर्षी प्रयागबाईंना कुणी हाक मारली नाही, आणि त्यांच्या खाचराकडंही कुणी गेलं नाही. जिच्या पाळीला माणूस गेलं तिला कामात कोण घेणार, असं पोरंसोरं तोंडावर म्हणतात.

मी परत गेलेले नाही. आता श्रावण चाललाय. वर धुकं असेल, दहा पावलांवरचं दिसत नसेल. चिमी अजून विचारते, कोंडामावशी भाकरी कधी देणार. मी ओझरला जाते, गणपतीपुढं डोळे मिटते, आणि मिटल्या डोळ्यांपुढं येतं ते गवत. लंकाबाईचा फोन लागत नाही.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी बरेच जण पावसाळ्यात नाणेघाटाला जाता, धबधबे बघता, फोटो काढता. वाटेत घाटघर लागतं. शाळेच्या पुढं, डाव्या हाताला, मधे नवी कुडाची भिंत घातलेलं घर आहे. त्याच्या पलीकडच्या दारापाशी जा. हाक मारा, "प्रयागबाई हायत का?" फोटो काढू नका. त्या दारात उभ्या असतील तर सुजेकडं बघा, किती वर चढलीय ते बघा. त्यांना खाली बसा म्हणू नका, कुणी म्हटलं तर त्या बसणार नाहीत. तुम्ही त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहा, रानाकडं तोंड करून, आणि म्हणा, आता माझी पाळी.

मग त्या बसल्या का, तेवढं मला कळवा. दार बंद असेल, तर तसं कळवा.